पुसण्यासाठी काढलेली तोंडं

आमच्या चित्रकलेच्या सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पाहिलंच नाही, माझं नाक पाहिलं. मोखाड्याच्या शाळेत कारकून म्हणून रुजू व्हायला मी आलो होतो. अंगात नवा शर्ट, हातात ऑर्डर. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो, तर समोरच्या बाकावर एक काटकुळा माणूस. खिशाला तीन पेन्सिली, पायात रबरी चपला आणि नजर अशी, की टाचणीनं माझ्या नाकाला टाचून ठेवली आहे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी रुमालानं नाक पुसलं. चाचपून पाहिलं. जाग्यावर होतं. शेवटी तो माणूस उठला, जवळ आला आणि म्हणाला, "हे नाक तुमचं नाही."

मी म्हटलं, "मग कुणाचं?"

"आजोबांचं असणार. बाकीच्या चेहऱ्याशी त्याचं जमत नाही. पण चांगलं आहे. सांभाळा."

सुट्टीत घरी गेल्यावर आईला विचारलं. आई म्हणाली, "आजोबांचंच आहे. तुला कुणी सांगितलं?"

माझी बायको म्हणते, मी गोष्टी फुगवतो. तिचं मनावर घेऊ नका. सरांच्या बाबतीत मी उलट थोडं काढूनच सांगतो. जसंच्या तसं सांगितलं तर जव्हारच्या एसटी डेपोसमोर संध्याकाळी आमची जी बैठक बसते, तिथं मला कुणी बसू देणार नाही.

सरांना नाव म्हणून कुणाचं लक्षात राहत नसे. ज्यांच्या हाताखाली निम्मी नोकरी काढली, त्या हेडमास्तरांना ते "डावी भुवई" म्हणत; तोंडावर अर्थात "साहेब". शिपाई म्हणजे "दुहेरी हनुवटी". आठवीच्या वर्गात एकदा हजेरी घ्यायची पाळी आली, तर मान वर न करता नावं वाचण्याऐवजी त्यांनी वर्गावरून एक नजर फिरवली आणि म्हणाले, "खळीवाला आला नाही, आणि ते मोठे डोळे आज ताप घेऊन आलेत, त्यांना घरी पाठवा." दोन्ही बरोबर. माझ्यासाठी खासगीत "आजोबांचं नाक" असणार, पण हाक मारताना भाऊसाहेब, कारण शाळेचा कारकून म्हटला की तो सगळ्यांचा भाऊसाहेबच.

आणि कान! कानावर त्यांचा फार जीव. एकदा बाजारातून एकाचे दोन बोकड गेले. चोराला पाहिलं होतं एका म्हाताऱ्यानं, तेही पाठमोरं. सर म्हाताऱ्याला घेऊन तासभर बसले, बारीक बारीक विचारत राहिले, आणि कागदावर काढलं काय? एक कान. नुसता कान. तो कागद चहाच्या टपरीवर लावला. पुढच्या बाजाराला मोखाड्यात एकही पुरुष कान झाकल्याशिवाय फिरेना. ऐन एप्रिल! दगड तडकत होते उन्हानं, आणि जो तो मफलर गुंडाळून कलिंगड निवडतोय. चौथ्या दिवशी दोन्ही बोकड मालकाच्या दारात आपोआप बांधलेले सापडले. कान कुणाचा ते मला आजतागायत कळलेलं नाही. सरांना माहीत होतं. पण ते एवढंच म्हणाले, "सुरेख कान आहे हो. असला कान तुरुंगात घालवत नाही."

असा माणूस रंगांचा राजा असेल असं तुम्हाला वाटेल. होताच. आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवांचे मुखवटे चढवून नाचतात. बोहाडा जवळ आला की चार गावची माणसं मुखवटे रंगवून घ्यायला सरांच्या दारात. नरसिंहाचा लाल असा, की बघणाऱ्याच्या कपाळाला चटका बसावा. एका राक्षसाला त्यांनी असा हिरवा दिला होता, की वाळत घातलेल्या त्या मुखवट्यावर शेजाऱ्याची गाय तोंड मारायला आली. हे मी स्वतः पाहिलंय. गाय अजून आहे.

पण माणसाचा चेहरा काढायला बसले, की हाच हात चुलीत घालून काढल्यासारखा व्हायचा. रोपं टाकायच्या आधी शेतात पालापाचोळा नि शेण जाळतात, त्या राबाची राख, कोळसा, वारुळाची माती, उजेड दाखवायला चिमूटभर तांदळाचं पीठ, आणि हे सगळं धरून ठेवायला धावड्याचा डिंक. संपलं. त्यातून जे तोंड उमटायचं ते धुक्यातून कुणी चालत येतंय असं वाटायचं. की चालत जातंय? ते नक्की कळत नसे.

मी एकदा विचारलं, "सर, देवांना एवढे रंग, आणि माणसांनी काय घोडं मारलंय?"

सर ब्रश धूत म्हणाले, "देव कुठं जगायला जातात, भाऊसाहेब? ते बसल्या जागी. त्यांना परवडतं लाल राहायला."

जगायला जाणं हे आमच्याकडचं बोलणं. भात, नागली घरात आली, दिवाळी झाली, की पाडेच्या पाडे टेम्पोत चढतात. भांडी, पोरं, कोंबड्या, एखादं शेळीचं करडू, सगळं चढतं, आणि भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातं. कुणी म्हणत नाही की अमका कामाला गेला. म्हणतात, जगायला गेला. मग इथं तो इतके दिवस काय करत होता, हे विचारायचं नाही.

सरांचा पाडा खोडाळ्याच्या वर. जीप जिथं हात टेकते तिथून पाऊण तास चढायचं. सव्वीस घरं. दिवाळीनंतर मागं उरायची ती टेम्पोत उचलून घालता येत नाहीत अशी म्हातारी माणसं आणि कुत्री. सर दर शनिवारी शाळा सुटली की वर जात. मीही जात असे. लोक म्हणत, भाऊसाहेबांना कलेची आवड. खरी आवड मला सरांच्या म्हाताऱ्या आत्याच्या हातच्या नागलीच्या भाकरीची होती. पण गैरसमज चांगला असेल तर मी तो मोडत नाही.

शाळेत हिरवे फळे आले तेव्हा जुने लाकडी काळे फळे सरांनी मागून घेतले आणि करवतीनं एकेकाचे चार तुकडे केले. टेम्पो वळणाआड गेला, की सर कामाला लागायचे. घरटी एक तुकडा, त्यावर त्या घरधन्याचं तोंड, सगळं आठवणीतून. वाळलं की तो तुकडा त्या घराच्या बंद दाराला, कडीला टांगायचा. पहिल्यांदा गेलो ती संध्याकाळची वेळ. दारोदार माणसं उभी. मी एका टोकापासून रामराम घालत निघालो. पंचवीस जणांनी ओळखही दाखवली नाही. मला राग यायला लागला. सव्विसाव्या दारात उत्तर मिळालं, ती आत्या होती. म्हणाली, "बाकीचे जगाया गेलेत, बाबा. तू आत ये."

हसलो तेव्हा. पण परतताना त्या पाड्यातून चालवेना. भाजलेली शेतं, तळाला गेलेली विहीर, आणि प्रत्येक दारावर राखेतून बघणारं एक तोंड. सरांना म्हटलं, "जरा लाल वापरा हो कुठंतरी." सरांनी हातानं सगळा पाडा दाखवला. "शोधा. सापडलं तर मला द्या."

आता या चित्रांची गंमत ऐका. सरांचं काम पास कोण करायचं? कुत्री. घरधनी समोर नाही, बायकापोरं नाहीत, मग नाक बरोबर आलं की नाही हे विचारायचं कुणाला? प्रत्येक घराचं कुत्रं मागं राहिलेलं. सर तुकडा दाराला लावायचे आणि बाजूला होऊन बिडी पेटवायचे. कुत्रं यायचं, मान तिरकी करायचं. शेपटी हलली तर पास. गुरगुरलं तर सर मुकाट्यानं तुकडा उतरवून पुन्हा बसायचे. एका तांबड्या कुत्र्यानं एक चेहरा चार वेळा नापास केला. पाचव्यांदा सरांनी गालावर जुन्या जखमेचा व्रण आठवून काढला, तर ते कुत्रं उंबऱ्यावर चढून तिथंच झोपलं, ते होळीपर्यंत उठलं नाही. म्हणजे खायला उठत असेल. मी सतत नव्हतो.

खाली एका गावचे सरपंच होते. पांढरी गाडी, पांढरे बूट. त्यांच्या कानावर गेलं की सर हुबेहूब काढतात. आले, खुर्ची मागवली, मिशी वळवली. "काढा."

सर म्हणाले, "असं नाही जमत. आधी गाव सोडा."

"म्हणजे?"

"जो इथं आहे त्याचं मी काढत नाही. तुम्ही जाऊन या कुठंतरी."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. हे गृहस्थ आठ दिवस वाडा गावी सासुरवाडीत जाऊन राहिले, निव्वळ चित्रासाठी! सरांनीही शब्द पाळला, काढलं. दाराला लावलं तर घरच्या कुत्र्यानं शेपूट हलवली, नाचलं, चाटलं. आणि नवव्या दिवशी सरपंच स्वतः गाडीतून उतरले, तर त्यांच्यावर भुंकलं.

आणि लगेच सरांनी त्यांच्या हातात तांब्या दिला. कारण नियमच तसा होता. माणूस परतला की त्यानं स्वतः विहिरीवरून पाणी आणायचं आणि आपलं तोंड आपल्या हातानं पुसायचं. आधी ते, मग चहा. सरपंचांनी आरडाओरडा केला, पण शेवटी पुसलं. मला ही चैन बघवत नसे. म्हटलं, "अहो, एवढं खपून काढलेलं असं धुऊन टाकायचं?"

"माणूस आलाय ना? मग दोन कशाला?"

होळीला सगळा पाडा परत येई. पाच दिवस नाच, ढोल, आणि दारोदार पाण्याचे हंडे. सव्वीसपैकी पंचवीस घरं पुन्हा आपापल्या माणसांची. होळीनंतर काही पुन्हा महिना-दीड महिना जात, पण त्यासाठी सर हात काळे करत नसत. "ते बाजाराला गेल्यासारखं," म्हणत.

पंचवीस म्हटलं मी. तिथंच सगळं अडलेलं होतं. आत्याच्या शेजारच्या दारावरचा तुकडा कधी पुसला जात नसे. तो सरांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा.

झालं होतं असं. पाच वर्षांपूर्वी टेम्पो निघताना धाकट्यानं आपली दोन्ही पोरंही वर चढवली. सर आडवे आले. पोरांना शाळेतून काढू नको, माझ्याजवळ ठेव. धाकटा म्हणाला, "तुझ्याजवळ ठेवू नी त्यांची आई तिकडं रडू दे?" शब्दाला शब्द लागला, सगळा पाडा ऐकत होता, आणि सरांच्या तोंडून गेलं, "जा! पुन्हा तोंड दाखवू नकोस मला." धाकट्यानं ते तंतोतंत पाळलं. चार होळ्या झाल्या, आला नाही. फोन नाही, निरोप नाही.

आणि ज्याचं तोंड बघायचं नव्हतं त्याचं तोंड सर दर दिवाळीनंतर नव्यानं काढत. पुसून नव्हे, कारण पुसायचा हक्क त्याचा. आहे त्याच्यावरच नवा थर. तो तिकडे जसजसा वाढत असेल तसतसा इथं फळ्यावर. दुसऱ्या वर्षी कानशिलावर पांढरे केस आले. तिसऱ्या वर्षी खिशाला पेन आलं. आत्या म्हणाली, "पेन कशाला? वीट वाहतो तो."

"आता मुकादम झाला असेल, आत्या."

पाचव्या वर्षी सरांनी त्याला चांगलं गरगरीत पोट काढलं. आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे, पोट रं कसलं हे?"

"खातोय पितोय चांगलं," सर म्हणाले, आणि पोटावर आणखी एक हात राखेचा फिरवला.

त्याच वर्षी इथल्या दवाखान्यातल्या एका पोरसवदा डॉक्टरनं पाड्याचे फोटो काढून कुणाला तरी पाठवले, आणि मुंबईहून एक बाई आल्या. चित्रांची प्रदर्शनं भरवणाऱ्या. मी टिंगल करायच्या तयारीत होतो, पण बाईंनी माझी निराशा केली. पाऊण तास चढून आल्या, पाणीसुद्धा मागितलं नाही, आणि एका दारासमोर उंबऱ्याखाली मातीत बसून राहिल्या. उठताना म्हणाल्या, "सर, ही सगळी मला द्या. मुंबईत लावू. बघू दे लोकांना इथं काय होतंय."

सर म्हणाले, "होळीला माणसं येतील. तुम्ही रंगपंचमीला या. उरतील ती तुमची."

बाई खूश झाल्या. त्यांना नियम कुठं माहीत! मला माहीत होता. पण बाई जाता जाता मला म्हणाल्या होत्या, "उद्घाटनाला सरांबद्दल बोलायला कुणीतरी हवं. तुम्ही किती छान बोलता!" हे वाक्य मी बायकोला पुढच्या आठवड्यात अकरा वेळा ऐकवलं. नवं जाकीट शिवायला टाकलं. भाषण पाठ केलं. अंघोळ करताना म्हणायचो.

म्हणजे बघा, त्या वर्षी होळीला अख्खा पाडा आपल्या माणसांच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता आणि मी एकटा मनात म्हणत होतो, जरा राहा की चार दिवस आणखी! जीप आली की मी उतरणारी डोकी मोजायचो. पंचवीसची अठरा झाली, अठराची नऊ. एका गड्याला मी गाठून म्हटलं, "प्रवासानं दमला असाल. उद्या पुसा सावकाश."

तो हसला. "भाऊसाहेब, दारावर येक, दारात येक. बायकोनं जेवाया कोणाला वाढावं?" आणि घातलं पाणी.

सर मात्र एकेक तुकडा कोरा होताना असे फुलत होते, की विचारू नका. आपल्या प्रदर्शनाच्या मुळावर स्वतः नाचणारा चित्रकार मी दुसरा पाहिला नाही. चौथ्या दिवशी चोवीस कोरे. उरला एक. फोनवर बाईंना चाचरत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "एकच असू दे. मोठ्या भिंतीवर एकटंच लावू."

सर शब्दाचे पक्के. रंगपंचमीच्या सकाळी त्यांनी स्वतः धाकट्याच्या दारावरचा तुकडा उतरवला आणि घोंगडीत बांधला. बांधताना गाठ तीन वेळा सुटली.

मी बाईंना आणायला खोडाळ्याला उतरलो. होळीच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर दर फर्लांगाला माणसं आडवी दोरी धरून उभी असतात. फगव्याचे, म्हणजे होळीचे पैसे दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. बाईंचा फोन आला, "मी सातव्या दोरीवर आहे." मी टपरीवर चहा सांगितला. तेवढ्यात एका वडापच्या जीपमधून एक माणूस उतरला. वाळलेल्या शेंगेसारखा. केस काळेभोर, पोट पाठीला लागलेलं, खांद्याला पिशवी. उतरला आणि माझ्या नाकाकडे बघत उभा राहिला.

पाच मिनिटं. मी ओळखलं. ही नजर दुसऱ्या घरात नाही.

शेजारी बसवलं, चहा दिला. म्हणाला, "वर जात नाय मी. लांबनं घराची कौलं बघायची नी चारच्या जीपनं कसाऱ्याला परत."

"इतक्या लांब येऊन?"

"दादानं तोंड दाखवू नको सांगितलंय." मग पिशवीतून त्यानं दोन प्रगतिपुस्तकं काढली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. "पोरगी सातवीला हाय तिकडं, पोरगा पाचवीला. येक दिस शाळा चुकवू दिली नाय. ही आत्याकडं पोचवाल?"

मी उघडून पाहिलं. पोरगी हुशार. फक्त चित्रकलेत क.

समोर कसाऱ्याचा जीपवाला ओरडायला लागला. "कसारा, कसारा! दोनच राहिले!" धाकटा उठला. तुम्ही विचार करा. मला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तो जीपमध्ये बसला असता, बाई वर गेल्या असत्या, चित्र मुंबईला, मोठी भिंत, जाकीट, भाषण. आयुष्यात एकदाच गप्प बसण्यात माझा फायदा होता, आणि तेवढंच मला जमलं नाही.

"तुमचं तोंड तर पाच वर्षं तुमच्या दारावर टांगलंय," मी म्हणालो. "दर वर्षी नवं काढतात. औंदा पोटसुद्धा काढलंय."

धाकट्याचा एक पाय जीपमध्ये होता. "काय काढलंय?"

"पोट. हे एवढं."

"मला?" त्यानं शर्ट वर करून स्वतःच्या फासळ्यांकडे पाहिलं. "मला पोट? कुणी सांगितलं त्याला मला पोट सुटलंय? उन्हात ईट थापून कातडं हाडाला लागलं, नी हा घरी बसून मला पोट काढतो?"

"मुकादम झाला असाल म्हणून."

"मुकादम!" माझ्या हातून प्रगतिपुस्तकं ओढून, पिशवी खांद्यावर टाकून तो रस्ता ओलांडून थेट चढणीला लागलासुद्धा. तेवढ्यात बाई उतरल्या, नखशिखान्त गुलाबी. सातव्या दोरीवाल्यांनी फगवा घेऊन वर रंगही टाकला होता. पुढे तो तणतणत, मध्ये मी धापा टाकत, मागे बाई. पाऊण तासाची चढण त्या दिवशी वीस मिनिटांत झाली. बायकोला हे खोटं वाटतं. ती आली नव्हती.

सर धाकट्याच्या दारासमोर दगडावर बसले होते, मांडीवर घोंगडीतला तुकडा. पावलं ऐकून त्यांना वाटलं बाई आल्या. मान वर केली. माझ्या नाकाला दहा मिनिटं मिळाली होती. त्या तोंडाला किती मिळाली ते मी मोजलं नाही. धाकट्याचं तणतणणं वाटेतच कुठंतरी सांडलं होतं. त्यानं प्रगतिपुस्तकं पुढे केली. सरांनी एकेक पान वाचलं, आणि शेवटी विचारलं, "चित्रकलेला कोण आहे तिकडे?"

"येक मॅडम हायत."

"डोळे तपासून घ्यायला सांग त्यांना."

आत्या आतून ओरडली, "पोरगा उभा हाय! पाणी द्या कोणी त्याला!"

सर म्हणाले, "त्यालाच आणू दे."

धाकटा हंडा भरून घेऊन आला. बाईंना आता सगळं कळलं होतं. त्यांनी घोंगडी सोडली, तुकडा दोन्ही हातांनी धरला आणि हळूच म्हणाल्या, "सर, एवढं एकच राहू द्या. ते आलेत ना आता."

"बाई, चित्र राहिलं की जाणाऱ्याला वाटतं, आपली जागा भरलेली आहे. मग तो यायची घाई करत नाही."

बाईंनी तुकडा दाराला टेकवला. आणि पुसायला फडकं कुणाकडेच नव्हतं, तर स्वतःची ओढणी काढून त्यांनी हंड्यात भिजवली आणि धाकट्याच्या हातात दिली.

"आधी पोट!" धाकटा म्हणाला. अख्खा पाडा जमला होता, रंगानं माखलेला. पोट गेलं तशी सगळ्यांनी आरोळी ठोकली. मग जे झालं ते मी शपथेवर सांगतो. पाच थर होते ना एकावर एक? ओढणी फिरेल तसं एकेक वर्ष धुऊन निघायला लागलं. खिशातलं पेन गेलं. कानशिलं काळी झाली. गाल भरले, कपाळावरच्या आठ्या गेल्या, मिशी बारीक झाली. माणूस आमच्या डोळ्यांदेखत तरुण होत चालला होता. पोरं ओरडत होती, "काका, अजून पुसा, शाळेत जाल!"

आणि मग शेवटचा थर आला, ज्या दिवशी तो गेला त्या दिवसाचा. हसणं थांबलं. भुवया एकमेकींत घुसलेल्या, जबडा आवळलेला, डोळे जाळ. धाकट्याचा हात तिथंच राहिला.

"दादा," तो म्हणाला, "मी त्या दिशी असा दिसत होतो?"

"नाही. तू रडत होतास." सर उठून त्याच्याजवळ गेले. "राग माझा होता. तो तुझ्या तोंडावर काढला मी."

आणि त्याच्या हातातली ओढणी घेऊन सरांनी तेवढा शेवटचा थर स्वतः पुसला.